पैशाचे सोडून बाकी सगळी सोंगे: डेव्हिड बोवीच्या १९६७च्या गाण्यांचा दोन सीडींचा संच

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. इंग्रज गायक डेव्हिड बोवीचा पहिला अल्बम गेले दोन महिने ऐकताना ही म्हण मला सारखी आठवत राहिली, कारण या अल्बममध्ये वीस वर्षांच्या एका मुलाने युद्धावरून परतलेला सैनिक, आईचा पदर न सुटलेला प्रौढ, लोकसंख्येच्या नावाने गर्जना करणारा स्वयंघोषित तारणहार आणि एका लहान मुलीचा खुनी अशी एकामागून एक सोंगे लीलया वठवली आहेत, आणि तरीही अल्बम विकला गेला नाही तो नाहीच. तो ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला १ जून १९६७ रोजी, म्हणजे बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या गाजलेल्या अल्बमची अधिकृत तारीख आहे नेमक्या त्याच दिवशी. कंपनी होती डेक्काची डेरम ही शाखा आणि अल्बमचे नाव नुसते 'डेव्हिड बोवी'. खपाच्या यादीत तो कुठेच दिसला नाही आणि वर्षभराच्या आत, १९६८ साली, बोवीचा डेरमशी असलेला संबंध संपला. पुढे जगभर ज्याच्या नावाचा डंका वाजला, त्या माणसाच्या या सुरुवातीकडे त्याचे चाहतेही बहुधा थोडे ओशाळून पाहतात. माझे मत वेगळे झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठीच हे परीक्षण.

परीक्षण ज्याचे आहे तो संच २०१० साली निघालेल्या विस्तारित आवृत्तीचा आहे. त्यात दोन सीडी आहेत. पहिल्या सीडीवर मूळ अल्बमची चौदा गाणी दोनदा येतात, एकदा मोनोमध्ये आणि एकदा स्टिरिओमध्ये. दुसरीवर त्या काळातल्या एकेरी तबकड्या, त्यांच्या मागच्या बाजूंची गाणी, तेव्हा पेटीबंद राहिलेली काही ध्वनिमुद्रणे आणि बीबीसी रेडिओसाठी गायलेली गाणी आहेत. सोबत छायाचित्रांची आणि माहितीची पुस्तिका आहे, जिचा टाइप इतका बारीक आहे की नौपाड्यातल्या माझ्या घरात दिवसाउजेडीही मला चष्म्यावर भिंग धरावे लागले.

संच मी जुन्या सीडी विकणाऱ्या नवी मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून अकराशे रुपयांना घेतला. त्याचे नाव देत नाही, कारण माणूस वाईट नव्हता, फक्त पॅकिंगच्या बाबतीत बेफिकीर होता. पार्सल आले तेव्हा पुठ्ठ्याच्या वेष्टनाचा एक कोपरा चेपलेला होता आणि दुसरी सीडी दुसऱ्याच गाण्यावर अडकत होती. फोन केल्यावर त्याने अत्यंत गंभीरपणे सांगितले, "साहेब, सदुसष्ट सालची गाणी आहेत, थोडी अडकणारच." यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. शेवटी त्याने दोनशे रुपये परत केले आणि मी सीडी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, मऊ मलमलीने मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसली, गोल गोल नव्हे. आता ती एका जागी किंचित अडखळते आणि पुढे जाते. वापरलेली प्रत घेणाऱ्यांनी दुसरी सीडी आधी वाजवून पाहावी, कारण संचातली सर्वांत मोलाची दोन-तीन गाणी तिच्यावरच आहेत.

डेव्हिड रॉबर्ट जोन्स हे बोवीचे खरे नाव. जन्म ८ जानेवारी १९४७ चा, लंडनमधल्या ब्रिक्स्टनचा. १९६४च्या जूनमध्ये, सतराव्या वर्षी, त्याची पहिली तबकडी निघाली ती डेव्ही जोन्स आणि किंग बीज या नावाने. त्यानंतर मॅनिश बॉइज झाले, लोअर थर्ड झाले, दर वेळी नवी मंडळी, नवी कंपनी आणि जुनेच अपयश. मॅनिश बॉइजच्या तबकडीवर गिटारचा तुकडा वाजवणारा तरुण होता जिमी पेज, जो पुढे लेड झेपलिनचा म्हणून ओळखला गेला, पण त्यानेही तबकडी तरली नाही. मंकीज या मंडळीत डेव्ही जोन्स नावाचाच दुसरा गायक असल्याने घोटाळा नको म्हणून याने आडनाव बदलून बोवी केले आणि १९६६च्या जानेवारीत पाय कंपनीने काढलेल्या तबकडीवर ते नाव पहिल्यांदा छापले गेले. ही सगळी आधीची गाणी या संचात नाहीत, कारण ती वेगवेगळ्या कंपन्यांची होती; ज्यांना ती हवी असतील त्यांनी ऱ्हायनो या कंपनीने १९९१ साली काढलेली 'अर्ली ऑन' ही सीडी शोधावी. मला विचाराल तर तिची घाई करू नये. त्या गाण्यांत बोवी इतरांसारखा होण्याची धडपड करतो आहे, आणि इतरांना ते त्याच्यापेक्षा बरे जमत होते.

डेरमच्या अल्बममध्ये मात्र तो कोणासारखाच नाही, किंवा फार तर अँथनी न्यूली या नट-गायकासारखा आहे. न्यूलीच्या लंडनी उच्चारांची आणि रंगमंचावरच्या लकबींची छाप इथे जागोजाग दिसते आणि बोवीच्या टीकाकारांनी ती सुरुवातीपासून दाखवून दिलेली आहे. आरोप खरा आहे. मला तो पुरेसा मात्र वाटत नाही. 'अंकल आर्थर' या पहिल्याच गाण्यातले आर्थरकाका घ्या. हे गृहस्थ अजून चित्रकथा वाचतात, बॅटमनचे भक्त आहेत आणि आईजवळ राहतात. बत्तिसाव्या वाढदिवसाला ते आईला सांगतात की आपल्याला कोणीतरी भेटले आहे, आणि घर सोडून जातात. पुढे काय, तर सॅली गोड आहे, पण तिला स्वयंपाक येत नाही. काही दिवस पोटाचे हाल झाल्यावर आर्थरकाका मुकाट्याने आईकडे परततात, तिथे त्यांना हातखर्चाला पैसे मिळतात आणि वेळेवर जेवण मिळते. गाणे दोन-सव्वादोन मिनिटांचे, चाल उड्या मारणारी, आणि गाणारा मुलगा आर्थरकाकांची टर उडवतो आहे की त्यांना कुशीत घेतो आहे हे शेवटपर्यंत कळू देत नाही.

हे गाणे मी एका रविवारी सकाळी लावले होते आणि स्वयंपाकघरातून आईने विचारले की हा एवढा आनंदात कशाबद्दल गातोय. मी गोष्ट सांगितली. "मग त्यात एवढं गाणं करण्यासारखं काय आहे रे? आला घरी, संपलं," असे म्हणून ती कणीक मळत राहिली. थोड्या वेळाने आतून पुन्हा आवाज आला, "आणि ती सॅली? ती शिकली असती की हळूहळू." ज्या गाण्याने इंग्लंडमध्ये कोणाला हलवले नाही, त्याने ठाण्यात एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईला सॅलीची बाजू घ्यायला लावले.

रॉकच्या श्रोत्यांना हा अल्बम विचित्र वाटतो याचे कारण तिथे गाणाऱ्याने आपल्या पोटातले बोलावे अशी अपेक्षा असते. आपल्याला मात्र भारुडाची सवय आहे. एकनाथांच्या भारुडात गाणारा कधी जोशी होतो, कधी वासुदेव, कधी गोंधळी. तो जोशी का झाला, त्याला पंचांग येते का, असे कोणी विचारत नाही. सोंग नीट वठले का आणि सोंगाच्या आडून काय बोलले गेले, एवढेच आपण पाहतो. या कानांनी ऐकले की अल्बममधले निम्मे अडथळे आपोआप दूर होतात. अल्बमची चौदा गाणी म्हणजे वेषांतर करून सादर केलेले चौदा छोटे प्रवेश आहेत, आणि गडकरी रंगायतनात एकपात्री प्रयोग पाहत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या माणसाला ते बोवीच्या नंतरच्या काही गाजलेल्या अल्बमांपेक्षा जवळचे वाटले तर त्यात नवल नाही. १९७२ साली झिगी स्टारडस्ट या काल्पनिक रॉक गायकाचे जे सोंग घेऊन बोवी घराघरांत पोचला, त्याची तालीम इथे चालू होती. फरक एवढाच की झिगी देखणा होता आणि आर्थरकाका नव्हते.

वाद्यांची निवडही अशीच नाटकी आहे. 'रबर बँड' या गाण्यात बागेत वाजणाऱ्या बँडचा ट्यूबा, म्हणजे ते जाड आवाजाचे मोठे पितळी वाद्य, पोट पुढे काढून चालावे तसा चालतो आणि त्यावर एक मिशाळ गृहस्थ आपल्या तरुणपणाची कहाणी गातो. तो पहिल्या महायुद्धावर गेला आणि परत येऊन पाहतो तो काय, त्याच्या प्रेयसीने त्या बँडच्या प्रमुखाशीच लग्न केलेले. शेवटी त्या प्रमुखाची छडी मोडो, एवढा एकच शाप हा सभ्य माणूस देऊ शकतो. सूर हसवणारा, पण दुसऱ्यांदा ऐकताना हसू घशात अडकते. आणि ही वाद्यरचना केली कोणी, तर स्वतः बोवीने आणि बेस गिटार वाजवणाऱ्या डेक फर्नली या त्याच्या मित्राने. दोघांनाही वाद्यवृंदासाठी स्वरलिपी लिहिण्याचा अनुभव नव्हता, म्हणून त्यांनी 'ऑब्झर्व्हर्स बुक ऑफ म्युझिक' हे छोटे पुस्तक समोर ठेवले आणि त्यातून शिकत शिकत कागद काळे केले. डेक्काच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या स्टुडिओत मुरलेल्या व्यावसायिक वादकांच्या हाती हे कागद देताना त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी वाजवलेल्या कोणालाही येईल. निर्माता माइक व्हर्नन प्रामुख्याने ब्लूजच्या दुनियेतला होता, आणि त्याने या पोरांना हे करू दिले हे त्याचे मोठेपण.

आता त्या एका गाण्याविषयी, ज्याला गाणे म्हणावे का याविषयीच शंका आहे. अल्बमच्या शेवटी 'प्लीज मिस्टर ग्रेव्हडिगर' येते. त्यात एकही वाद्य नाही. पाऊस पडतो आहे, ढग गडगडत आहेत, खडीवर पावले वाजतात, आणि सर्दी झालेला एक माणूस कबरी खणणाऱ्याशी बोलतो आहे. जागा लंडनच्या लँबेथमधली स्मशानभूमी, जिच्यावर युद्धात बाँब पडला होता. खणणाऱ्याने एका लहान मुलीच्या प्रेतावरचे लॉकेट चोरल्याचे या माणसाने पाहिले आहे, आणि हळूहळू आपल्याला समजते की त्या मुलीचा, दहा वर्षांच्या मेरी अ‍ॅनचा, खून करणारा हाच आहे, आणि आता तो खणणाऱ्यासाठीही एक खड्डा खणतो आहे. मधेच तो शिंकतो. ध्वनिमुद्रक गस डजन याने नंतर सांगितले आहे की बोवी कॉलर वर करून, कानांवर हेडफोन चढवून, खडी भरलेल्या खोक्यात पाय घासत हे गात होता.

हे मी पहिल्यांदा ऐकले ते जुलैतल्या एका रात्री. वीज दोनदा जाऊन आली होती, खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस एका लयीत आपटत होता आणि गल्लीतला रिक्षावाला इंजिन चालू ठेवून कोणाची तरी वाट पाहत होता. गाणे सुरू झाले तेव्हा मला वाटले की पावसाचा जोर वाढला, म्हणून मी उठून खिडकी लावली. खिडकी लावूनही पाऊस कमी झाला नाही तेव्हा लक्षात आले की निम्मा पाऊस लंडनचा आहे. मग तो माणूस शिंकला आणि मी, खोटे कशाला सांगू, दचकलो. सुमारे अडीच मिनिटांच्या या तुकड्याला बोवीच्या अनेक चाहत्यांनी आचरटपणा म्हणून निकालात काढले आहे. रेडिओवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्यांनी मात्र तो एकदा दिवे बंद करून जरूर ऐकावा. घरात लहान मुले असतील तर ऐकू नये.

लहान मुलांसाठी 'द लाफिंग नोम' आहे, आणि संचाच्या बदनामीचे मुख्य कारणही तेच आहे. १९६७च्या एप्रिलमध्ये एकेरी तबकडी म्हणून निघालेले हे गाणे दुसऱ्या सीडीवर आहे. रस्त्याने चाललेल्या माणसाला एक हसणारा बुटका भेटतो, मग त्याचा भाऊ फ्रेडही येतो, आणि 'नोम' (बुटका) या शब्दावर कोट्यांची अशी काही आतषबाजी होते की इकॉनॉमिक्सही तीतून सुटत नाही. बुटक्यांचे आवाज बोवी आणि डजन यांचेच आहेत. टेप हळू चालवून गायचे आणि मग नेहमीच्या वेगाने वाजवायचे, की आवाज वरच्या सप्तकाकडे चढतो आणि चिवचिवाट ऐकू येतो, एवढीच ती युक्ती. पण हळू चाललेल्या तालावर विनोदाचे टायमिंग साधणे सोपे नसते, आणि ते इथे साधले आहे. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने हे गाणे एका दुपारी अकरा वेळा लावायला लावले. बाराव्यांदा त्याच्या आईने प्लेअरची पिन काढली.

या गाण्याने बोवीचा पिच्छा जन्मभर सोडला नाही. तो प्रसिद्ध झाल्यावर १९७३ साली कंपनीने ही तबकडी पुन्हा बाजारात आणली आणि ब्रिटिश यादीत ती चक्क सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. १९९० सालच्या दौऱ्यासाठी त्याने कोणती गाणी गावीत याचा कौल श्रोत्यांनी फोनवरून द्यावा असे ठरले, तेव्हा एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने वाचकांना याच गाण्याला मते देण्यासाठी उचकवले. बोवी बधला नाही. मला त्याची दया येते, पण गाणे वाईट आहे हे मात्र मान्य नाही; मुलांसाठी केलेल्या गाण्याला मुले हसत असतील तर आणखी काय हवे?

आपल्याला विशेष रस वाटावा अशी दोन गाणी पहिल्या सीडीवर आहेत. 'जॉइन द गँग'मध्ये सुरुवातीलाच सतार वाजते, पण ती भक्तिभावाने नव्हे. १९६७ साली लंडनमध्ये सतार ही फॅशन झाली होती, आणि त्या फॅशनमागे धावणाऱ्यांची या गाण्यात यथेच्छ थट्टा आहे. त्यातला जॉनी सतार वाजवतो आणि स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घेतो. पाश्चात्त्यांनी सतारीचे केलेले कौतुक ऐकून आपण सुखावतो. त्या कौतुकातला खोटेपणा ओळखणारा एक इंग्रज मुलगा तेव्हाच होता, हे ऐकून मी अधिक सुखावलो. दुसरे 'सिली बॉय ब्लू', तिबेटविषयीचे. बोवीला त्या काळात तिबेटी बौद्ध धर्माची ओढ लागली होती. गाण्यात ल्हासा आहे, उन्हात वितळणाऱ्या, याकच्या लोण्याच्या मूर्ती आहेत आणि मधेच चक्क आपला 'चेला' हा शब्द येतो. इंग्रजी उच्चारातला तो 'चेला' ऐकून मला आधी हसू आले, पण गाणे थट्टेखोर नाही. संपूर्ण अल्बममध्ये सोंग उतरवून ठेवून गायल्यासारखे वाटणारे हे जवळजवळ एकमेव गाणे आहे, आणि त्याची चाल मोकळी होत वर जाते तेव्हा पुढचा मोठा गायक प्रथमच स्पष्ट दिसतो.

सगळेच असे नाही. 'मेड ऑफ बाँड स्ट्रीट' संपले तरी सुरू झाल्याचे कळत नाही. अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत ते वगळले होते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'वी आर हंग्री मेन' हे लोकसंख्यावाढीवरचे गाणे मात्र त्याच आवृत्तीतून वगळले ते चुकले, कारण स्वतःला तारणहार समजणारा आणि शेवटी भुकेल्या जमावाच्याच तोंडी जाणारा त्यातला नायक बोवीच्या पुढच्या कितीतरी नायकांचा आजोबा आहे. त्यातली विनोदी आवाजांची खिचडी मात्र आज ऐकवत नाही. 'सेल मी अ कोट' गोड आहे, 'लव्ह यू टिल ट्यूझडे' चतुर आहे, 'शीज गॉट मेडल्स' ही पुरुषवेषात सैन्यात गेलेल्या बाईची गोष्ट मजेदार आहे. 'लिटल बॉम्बार्डियर' मात्र या रांगेत बसवता येणार नाही. वॉल्ट्झच्या झुलत्या तालावर एक एकटा माजी सैनिक दोन मुलांशी मैत्री करतो, त्यांना खाऊ देतो, सिनेमाला नेतो, आणि पोलीस त्याला गाव सोडायला सांगतात. तो निर्दोष आहे की नाही याबद्दल गाणे अवाक्षर काढत नाही आणि ताल झुलायचा थांबत नाही. वीस वर्षांच्या मुलाला हे मौन कसे सुचले असेल?

दुसऱ्या सीडीवरचे 'द लंडन बॉइज' हे या संचाचे सर्वांत मोठे देणे आहे, आणि माझ्या प्रतीत अडकणारे गाणेही, दुर्दैवाने, तेच. १९६६च्या डिसेंबरमध्ये ते 'रबर बँड'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला दडवले गेले. घर सोडून लंडनच्या सोहो वस्तीत आलेला, सतरा वर्षांचा झालेला मुलगा, त्याला सामावून घेणारी टोळी, गोळ्या घेतल्याने ढवळणारे पोट, आणि आता परत जाणेही शक्य नाही ही जाणीव. एवढ्यावर गाणे उभे आहे. आधीच्या कंपनीने गोळ्यांच्या उल्लेखामुळे ते नाकारले होते. इथे बोवी सोंग घेतो, पण ते सोंग त्याच्या स्वतःच्या वयाचे आणि स्वतःच्या शहराचे आहे, म्हणून ते अंगाला चिकटते. गाणे संथ सुरू होते, पितळी वाद्ये मागून हळूहळू चढत येतात आणि शेवटी मुलाचा आवाज त्यांच्यावर ओरडल्यासारखा पसरतो. आमच्या पिढीतली बरीच मुले पहिल्या नोकरीसाठी ठाण्याहून सकाळची लोकल पकडून मुंबईत जात आणि रात्री घरी येत. परत यायला घर होते, म्हणून आम्ही वाचलो, असे हे गाणे ऐकताना दर वेळी मनात येते.

त्याच सीडीवर 'लेट मी स्लीप बिसाइड यू' आणि 'कर्मा मॅन' आहेत, १ सप्टेंबर १९६७ रोजी ध्वनिमुद्रित झालेली. त्या दिवशी टोनी व्हिस्कॉन्टी या तरुण अमेरिकन निर्मात्याने बोवीबरोबर पहिल्यांदा काम केले. फरक पहिल्या दहा सेकंदांत कळतो: ट्यूबा गेला, गिटार पुढे आली, आवाज खाली उतरला आणि रंगमंचावरून खोलीत आला. डेक्काने ही गाणीही तेव्हा काढली नाहीत. ही जोडी मात्र टिकली. बोवीच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, ८ जानेवारी २०१६ रोजी निघालेल्या 'ब्लॅकस्टार' या शेवटच्या अल्बमचा सहनिर्माताही व्हिस्कॉन्टीच होता. फसलेल्या अल्बमनेही बोवीला एक गुरू मिळवून दिला. मूकाभिनयाचा (माइमचा) कलावंत लिंडसे केंप आपल्या प्रयोगात यातले 'व्हेन आय लिव्ह माय ड्रीम' वापरत होता. त्यातून ओळख झाली, बोवी त्याच्याकडे शिकला आणि १९६७च्या डिसेंबरमध्ये त्याच्याबरोबर रंगमंचावर उभाही राहिला. ज्या सोंगांना श्रोते मिळाले नाहीत, त्यांनी सोंगाड्यांचा उस्ताद गाठून दिला.

बोवीला स्वतःला या गाण्यांविषयी काय वाटत होते याचा एक पुरावा आहे. २००० साली त्याने आपली जुनी गाणी नव्या वाद्यमेळात पुन्हा गायली. तो 'टॉय' नावाचा अल्बम कंपनीने तेव्हा काढलाच नाही आणि तो अखेर त्याच्या मृत्यूनंतर, २०२१ साली, एका मोठ्या संचाचा भाग म्हणून बाहेर आला. त्यात 'लंडन बॉइज' आहे, 'कर्मा मॅन' आहे, 'लेट मी स्लीप बिसाइड यू' आहे, पण मूळ चौदा गाण्यांपैकी फक्त एकच, 'सिली बॉय ब्लू'. आर्थरकाकांना त्याने दारातच थांबवले. 'टॉय' मी ऐकला. वादन सफाईदार आहे, आवाज पिकलेला आहे, आणि 'लंडन बॉइज'मधला तो घाबरलेला मुलगा मात्र नाही, कारण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला सतराव्या वर्षाचे सोंग बाहेरून घ्यावे लागते.

मोनो ऐकावे की स्टिरिओ, या प्रश्नाचे उत्तर मी देऊन टाकतो: मोनो. त्या काळच्या स्टिरिओत वाद्ये डाव्या-उजव्या टोकांना ढकलून ठेवण्याची रीत होती, आणि हेडफोन लावले की बँड दोन वेगवेगळ्या इमारतींत बसल्यासारखा वाटतो. मोनोमध्ये तो एका चौथऱ्यावर येतो आणि सोंग घेणारा त्याच्या बरोबर मधे उभा राहतो. 'ग्रेव्हडिगर'चा अपवाद करावा आणि दोन्ही ऐकावेत. दुसऱ्या सीडीवरची बीबीसीची गाणी घाईची आहेत, पण त्यांत बोवीचा आवाज स्टुडिओपेक्षा मोकळा लागला आहे, त्यामुळे ती वगळू नयेत. एकाच गाण्याच्या तीन-तीन आवृत्त्या सलग ऐकण्याची हौस नसेल तर या सीडीवरची पंचवीसपैकी सात-आठ गाणी निवडून वेगळी यादी करावी.

वापरलेली प्रत सुस्थितीत आणि हजार-बाराशेच्या आत मिळाली तर घ्यावी. त्याहून जास्त देण्याचे कारण नाही, कारण ही सर्व गाणी ऑनलाइन ऐकण्याच्या सेवांवरही उपलब्ध आहेत, आणि तिथे 'लंडन बॉइज' अडकतही नाही. सुरुवात त्याच गाण्याने करावी, मग आर्थरकाका, मग 'लिटल बॉम्बार्डियर', आणि पाऊस असेल त्या रात्री 'ग्रेव्हडिगर'. बुटक्याचे गाणे घरात भाचरे असतील त्या दिवसासाठी राखून ठेवावे. माझी सीडी सध्या आईच्या खोलीतल्या प्लेअरमध्ये आहे. तिला शब्द कळत नाहीत, पण पहिले गाणे लागले की ती मला विचारते, "आज तरी राहिला का रे तो त्या सॅलीकडे?"